दोन्ही हात, दोन्ही बटणं

जुनी सांगवी
६ जानेवारी २०२५

रोहिदास भाऊजी यांना,
चतुराबाई ओव्हाळ हिचा जय भीम.

घशाच्या ऑपरेशननंतर तुमचा आवाज गेला आणि आता घरात पाटीवर लिहून बोलता, असं तुमच्या जुन्या शिफ्टमधल्या शेखरनं सांगितलं. वाईट वाटलं. गावच्या जत्रेत माइक तुमच्याच हातात असायचा, असं साक्षीचे बाबा सांगायचे. फोनवर तुम्हाला बोलता येणार नाही आणि धरणाच्या वरच्या अंगाला रेंजही नाही, म्हणून पत्र लिहिते. साक्षी पहिलीत होती तेव्हा तिच्याच पुस्तकात मी अक्षरं शिकले. आता विहाराच्या वाचनालयात झाडलोट करते, पुस्तकं लावते आणि लावता लावता वाचते. त्यामुळे अक्षर वेडंवाकडं असलं तरी म्हणणं सरळ असेल.

काम असं आहे. साक्षीचा डिप्लोमा झाला आणि डिसेंबरात ती चाकणला ट्रेनी म्हणून लागली. तुमच्या जुन्या कंपनीत नाही, दुसरीकडे. पहिल्या दिवशी नव्या मुलामुलींना एका खोलीत बसवून सुरक्षेचं शिकवलं. पडद्यावर तुमच्या कंपनीतल्या फिल्मचा एक तुकडा दाखवला. असे तुकडे एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात फिरतात म्हणे. पत्रा दाबायच्या प्रेसवर एक माणूस उभा आहे. मशीनला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली यावी, म्हणजे हात आत राहू नयेत. हा माणूस एका बटणात लाकडाची पाचर ठोकतो आणि दुसरं बटण दाबून एका हातानं मशीन चालवतो. शिकवणारे सर म्हणाले, "हा शहाणा रोज असंच करायचा. पुढच्याच वर्षी त्याच प्रेसखाली गेला. एक्स्ट्रा हुशारी!" पोरं हसली.

ते तिचे बाबा होते, भाऊजी.

शिकवणं संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. घरी आली आणि बूट न काढता भिंतीला टेकून बसली. मला म्हणाली, "आई, बाबा असंच करायचे का?" मी म्हटलं, अगं, ते फिल्मसाठी केलेलं नाटक होतं. कसं काम करू नये ते दाखवायला यांना उभं केलं होतं. ती म्हणाली, "मग मेले कसे?"

मला फक्त चौकशीच्या कागदावरची ओळ माहीत आहे. 'कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' तेव्हा मला जोडाक्षरं अडायची. 'निष्काळजीपणा' हा एक शब्द मी तीन दिवस फोडत बसले होते. फुटला तेव्हा वाटलं, फुटला नसता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून पोरगी बाबांच्या फोटोकडे पाठ करून जेवते.

त्या फिल्मची डिस्क ट्रंकेत सापडली. ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांना एकेक दिली होती, तुम्हालाही. पूर्ण फिल्म पाहिली म्हणजे साक्षीला दिसेल की ते नाटकच होतं. पण आमचा डिस्कचा प्लेअर ती मिळायच्या आधीच भंगारात गेला होता, म्हणून आम्ही ती कधी पाहिलीच नाही. साक्षीच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये घातली तर घरघरली, नाव दाखवलं आणि मग इंग्रजीत पाटी आली. साक्षीनं वाचून सांगितलं, डिस्कला कुलूप आहे, या मशीनवर चालणार नाही.

तुमची डिस्क चालते का? आणि तुम्ही लाइन लीडर होता, शूटिंगला तिथेच होता. त्यात काय काय आहे ते लिहून कळवा. तुमचं लिहिलेलं साक्षी मानेल.

चतुराबाई

*

१७ जानेवारी २०२५

वहिनींना रोहिदासचा नमस्कार.

पत्र पोचलं. पोस्टमन आठवड्यातून दोनदाच वर येतो म्हणून उशीर झाला. साक्षीचं वाचून जेवण गेलं नाही. आता तसंही पातळच जातं.

पोरीला सांगा, रोहिदास काका लिहून देतो की ते सगळं नाटक होतं. खंडूसारखा कामगार मी तीस वर्षांत पाहिला नाही. फिल्मवाले म्हणाले, चुकीची पद्धत करायला एक माणूस द्या. कुणी तयार होईना, म्हणून मीच खंडूला पुढं केला. तो आधी 'लीडर, माझंच तोंड सापडलं का' म्हणाला, मग हसत तयार झाला. बस, एवढंच. त्या सरांना काय माहीत. अशा लोकांचं मनावर घ्यायचं नसतं.

माझी डिस्क आता नाही. म्हणजे आहे, पण ज्वारीत दोरीला बांधून टांगली आहे. उन्हात चमकली की पाखरं बसत नाहीत. तिच्यावर एवढे ओरखडे पडलेत की त्यातून काही निघणार नाही. कव्हर तर बायकोनं, जाईनं पहिल्याच वर्षी चुलीत घातलं.

वहिनी, एक सांगतो, ती डिस्क दुकानात देऊ नका. कंपनीच्या आतलं शूटिंग आहे म्हणून तर कुलूप घातलंय. घेताना आम्ही सह्या केल्यात, कॉपी करणार नाही म्हणून. उगाच पोरीच्या नव्या नोकरीला त्रास होईल. आणि दुकानदार लोक उघडायला जातात आणि माल खराब करतात. जपून ठेवा. खंडूची आठवण म्हणून राहील.

घशाला भोक आहे, त्यावर फडकं बांधतो. नातू विचारतो, आबा तुमचा आवाज कसा होता. पाटीवर काय लिहिणार.

रोहिदास

*

जुनी सांगवी
२९ जानेवारी २०२५

रोहिदास भाऊजी यांना जय भीम.

तुमचं पत्र साक्षीला वाचायला दिलं. तिनं वाचलं आणि घडी घालून परत दिलं. म्हणाली, "काका चांगले आहेत. पण हे त्यांनी आपल्याला बरं वाटावं म्हणून लिहिलंय." मी तिला रागावले. पण भाऊजी, तिचंही चुकत नाही. तिनं डोळ्यांनी एक पाहिलंय, आपण तिला कागदावर दुसरं सांगतोय. तिला डोळ्यांनीच दाखवावं लागेल.

म्हणून तुमचं न ऐकता मी चिंचवड स्टेशनजवळ धम्मरत्नकडे गेले. आमच्या नात्यातला आहे, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. साक्षीचं मशीन रिक्षातून घेऊन गेले. कॉपी करायचीच नाही, आपलीच डिस्क आपण आपल्या घरी बघायची, त्याला कुणाची आडकाठी नाही, असं तो म्हणाला. मग त्यानं मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"मावशी, या डिस्कवाल्यांनी जगाचे सहा वाटे केलेत. एका वाट्याची डिस्क दुसऱ्या वाट्याच्या मशीनवर लागत नाही. तुमच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह दुबईहून आलाय. तो दोन नंबरचा आहे."

मी म्हटलं, "चोरीचा?"

तो एवढा हसला की हातातला पेचकस खाली पडला. "अहो, त्या दोन नंबरचा नाही! दुबई दोन नंबरच्या वाट्यात येते. आपला देश पाचात. ड्राइव्हला सांगावं लागेल की बाबा, आता तू पाचात आलास."

"मग सांग की."

"सांगतो. पण हे सांगणं पाचच वेळा चालतं. आधीच्या मालकानं चारदा फिरवलाय. एकदाच उरलंय. शेवटचा जो आकडा टाकू तो कायमचा. चुकला तर ड्राइव्ह गेला."

मी म्हटलं, मग दुसरा ड्राइव्ह बसव. त्यानं दुकानातले दोन नवे लावून पाहिले. डिस्कवर ओरखडे आहेत, ते दोन्ही तिला ओळखतच नाहीत. हा जुनाच तेवढा नाव तरी दाखवतो. आणि डिस्क पाचाचीच असेल अशी खात्री धम्मरत्नला देता येईना. "कारखान्याच्या फिल्मा कुठून कुठून छापून आणतात," म्हणाला. कव्हरच्या मागे छोटी पृथ्वी काढलेली असते आणि तिच्यात आकडा असतो म्हणे. आमचं कव्हर नाही. तुमचं जळालं. शूटिंगमधल्या आणखी कुणाकडे असेल तर विचारून आकडा कळवाल का? तोवर मशीनला हात लावू नको असं त्याला सांगून आले आहे.

आणखी एक. ती पाचर यांनी आमच्या घरात बनवली होती. बाभळीचा पाट मोडला होता, त्याचा पाय घेऊन दारात बसले आणि दोन दिवस तासत होते. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "सिनेमात काम मिळालंय, चतुरा. हीरोला तलवार लागते, आपल्याला पाचर." बटणाला अशी बसली पाहिजे की सुटता कामा नये, नाहीतर पडद्यावर खोटं दिसेल, असं म्हणत होते. कामात यांना खोट चालायची नाही.

ती पाचर पुढे कुठे गेली? कुणाकडे असली तर मला हवी आहे. यांच्या हातची दुसरी कुठलीच वस्तू घरात उरली नाही.

चतुराबाई

*

११ फेब्रुवारी २०२५

वहिनींना नमस्कार.

पाचर नाही. शूटिंग संपलं त्याच दिवशी मी माझ्या हातानं भंगारात टाकली. मागं लागू नका.

डिस्कचा आकडा तीन आहे. कव्हर बघून लिहितो आहे. धम्मरत्नला तीन टाकायला सांगा. नाहीतर असं करा, थांबाच. शिवरात्र झाली की मी स्वतः येतो, मग आपण बसून बघू. घाई करू नका.

तब्येत बरी नाही म्हणून थोडक्यात.

रोहिदास

*

जुनी सांगवी
३ मार्च २०२५

रोहिदास भाऊजी,

शिवरात्र झाली. तुम्ही आला नाहीत. काल रविवारी सकाळी आम्ही फिल्म पाहिली.

धम्मरत्न घरी आला होता. त्यानं आकड्यांची यादी उघडली, तीनवर बाण नेला आणि मला विचारलं, "मावशी, दाबू ना?" मी म्हटलं, थांब.

मला उशिरा वाचायला आलं, म्हणून एक सवय लागली आहे. आलेला कागद मी दोनदा वाचते. पहिल्यांदा अक्षरं कळतात, दुसऱ्यांदा माणूस. जानेवारीच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, कव्हर पहिल्याच वर्षी चुलीत गेलं. फेब्रुवारीच्या पत्रात लिहिलंत, कव्हर बघून लिहितो आहे. दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली. धम्मरत्नला म्हटलं, पाच टाक. तो म्हणाला, "अहो, पण काकांनी तीन लिहिलंय." मी म्हटलं, म्हणूनच.

पाच लागला. कुलूप निघालं.

पहिल्यांदा पडद्यावर कोणी आलं नाही, नुसता आवाज आला. "दोन्ही हात, दोन्ही बटणं. घरी कुणीतरी वाट बघतंय." तुमचा आवाज होता. फिल्मभर सगळं सांगणारे तुम्हीच आहात, हे मला माहीतच नव्हतं. यांनी सांगितलं असेल, मी विसरले असेन. आवाज भरदार आहे. आधी तेच तुम्हाला कळवावं असं वाटलं, कारण तोपर्यंत मला वाटत होतं की आकडा तुम्ही साक्षीच्या नोकरीच्या काळजीनं चुकीचा लिहिला असेल.

मग हे आले. निळा शर्ट, खिशाला पेन. यांचं पाचर ठोकणं झालं आणि पडद्यावर मोठी तांबडी फुली आली, त्याखाली 'चुकीची पद्धत' असं लिहून आलं. लगेच हेच परत आले आणि दोन्ही हातांनी मशीन चालवून दाखवलं. त्याखाली हिरवी खूण. साक्षीच्या कंपनीत फुलीच्या आधीच तुकडा कापलाय, हिरवी खूण तर दाखवतच नाहीत. पोरीनं ते पाहिलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. "नाटक होतं, आई," म्हणाली. मला वाटलं, झालं, माझं काम झालं. मी चहा ठेवायला उठले.

फिल्म संपली नव्हती, भाऊजी. नावं येऊन गेल्यावर 'शूटिंगच्या गमती' अशी पाटी आली. कामगारांना घरी बघायला म्हणून त्यांनी ते मागे जोडलेलं असणार. कुणी अडखळतंय, कुणाचं हेल्मेट पडतंय. शेवटी हे प्रेसजवळ उभे आहेत, पाचर बटणातून काढून बघतायत. कडेच्या डब्यात टाकायला हात केला. तेवढ्यात तुमचा आवाज. तुम्ही दिसत नाही, पण आता तो आवाज आम्ही अर्धा तास ऐकलेला होता.

"खंड्या, टाकू नको रं ती. लई झकास बसती. खिशात ठेव, मार्चएंडला कामाला येईल."

आणि हे वळून म्हणतात, "व्हय व्हय लीडर, आत्ताच तर माइकवर नको म्हणालात की!"

सगळे हसले. हेही हसले. पाचर खिशात गेली.

चहा उतू गेला. साक्षीनं तेवढाच भाग पुन्हा लावला. तीनदा लावला. धम्मरत्न उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

माझ्यासमोर तुमचं पत्र आहे. 'त्याच दिवशी मी माझ्या हातानं भंगारात टाकली.' आणि मशीनमध्ये तुमचा आवाज आहे. दोन्ही तुमचेच. यातलं खरं कुठलं, ते तुम्ही मला लिहा. हे गेले त्या दिवशी काय झालं तेही लिहा. सात वर्षांत तुम्ही एकदाही आमच्या घरी जेवला नाहीत. मला वाटायचं, मित्राच्या घरात तुम्हाला बसवत नसेल.

चतुराबाई

*

२२ मार्च २०२५

वहिनी,

दहा कागद फाडले. हा अकरावा.

तुम्ही दोनदा वाचता, म्हणून एकदाच नीट लिहितो.

तीन हा आकडा मी मनानंच लिहिला. तुमचा ड्राइव्ह बंद पडावा म्हणून. गमतींचा तो भाग मला आठवत होता. पहिल्या वर्षी घरी सगळ्यांनी बघितला होता, पोरं हसली होती. खंडू गेल्यावर मी डिस्क ज्वारीत टांगली. पाखरांसाठी नाही.

आमच्या त्या प्रेसवर आधी कधी कुणी पाचर लावत नव्हतं. बटणं खोलगट होती, साधं लाकूड टिकायचंच नाही. फिल्मसाठी पक्की बसणारी पाचर हवी होती, म्हणून खंडूनं बनवली. एवढी छान बनवली की मला ती टाकवेना. तिथून सुरू झालं.

पुढच्या वर्षीचा मार्च. मालाचा ट्रक उभा, वरून दर तासाला फोन. दोन माणसं गैरहजर. मी खंडूला म्हणालो, ती फिल्मची पाचर काढ, एका हातानं पत्रा लाव, एका हातानं बटण मार, दुप्पट निघेल. तो म्हणाला, "लीडर, ती खेळातली हाय." मी म्हणालो, मी उभा आहे ना. तो दुसऱ्यांदा नाही म्हणाला. मी म्हणालो, तुला जमत नसेल तर दुसरा माणूस लावतो, तू उद्यापासून पॅकिंगला जा. त्यानं खिशातून पाचर काढली.

तीन दिवस तसंच चाललं. चौथ्या दिवशी पत्रा आत अडकला. तो काढायला वाकला. एक बटण पाचरीनं दाबलेलंच होतं, दुसऱ्याला त्याचं कोपर लागलं. मी तिथं उभा नव्हतो. मी फोनवर होतो.

चौकशीत साहेबांनी विचारलं, पाचर कुणी लावली? मी म्हणालो, त्यानंच. कुणी सांगितलं होतं? मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. लाकूड त्याच्या घरचं, हात त्याचा, खिसा त्याचा. लगेच पटलं त्यांना. 'निष्काळजीपणा' हा शब्द मी सांगितला नव्हता, पण खाली सही माझी आहे. पाचर त्यांनी पाकिटात घालून नेली. ती मला परत दिसली नाही.

डॉक्टर म्हणतात, तंबाखूनं गेला आवाज. जाईपण तेच म्हणते. मी पाटीवर काही लिहीत नाही.

मला माफ करा असं लिहिणार होतो. त्या ओळीवरच दहा कागद फाटले. ते राहू दे.

एक मागतो. मागायचा हक्क नाही. माझा आवाज कुणाकडंच नाही. जत्रेत कुणी रेकॉर्ड केला नाही, फोनवरचं कुणी ठेवलं नाही. ज्वारीतली डिस्क शेखरच्या पोराकडं पाठवून बघितली, गेली ती. नातवानं एकदा ऐकावं असं वाटतं. तेवढी पहिली ओळ. तुमच्या डिस्कवरून कॉपी करून पाठवता आली तर.

रोहिदास

*

जुनी सांगवी
६ एप्रिल २०२५

रोहिदास भाऊजी यांना,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मग साक्षीला दिलं. ती तुमच्यासारखीच घाबरेल असं मला वाटलं होतं. तिनं उभ्यानं वाचलं आणि विचारलं, "बाबा दोनदा नाही म्हणाले होते?" मी म्हटलं, दोनदा. ती म्हणाली, "मला एकदाही म्हणता आलं नाही."

सोमवारी नवी बॅच होती. ती सरांना सांगून त्या खोलीत मागे बसली. तो तुकडा लागला, सर तेच बोलले, पोरं हसली. मग ही उठली. भिंतीला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "हे माझे बाबा आहेत. खंडू तुकाराम ओव्हाळ. ही चुकीची पद्धत त्यांना करायला सांगितली होती. पडद्यावर सांगितली आणि नंतर खरोखर सांगितली. ते दोनदा नाही म्हणाले. तुम्ही तिसऱ्यांदासुद्धा नाही म्हणा." कुणी हसलं नाही. सर म्हणाले, बसा. तो तुकडा पुढे दाखवतात की नाही, ते अजून कळलेलं नाही. तिला ऑफिसमध्ये बोलावलं आहे. काय होईल ते होईल. काल तिनं फोटोसमोर बसून भाकरी खाल्ली.

मी आजवर कधी यांचं पूर्ण नाव घेतलं नाही, लिहिलंही नाही. वर लिहिलं ते पहिल्यांदा.

आता तुमच्या मागण्याचं. ही डिस्क कॉपी होत नाही. धम्मरत्न म्हणाला, ते कुलूप त्यासाठीच असतं, बघता येतं, नेता येत नाही. त्याच्याकडे काही युक्त्या असतील, मी विचारल्या नाहीत. नव्या मशीनवर ती लागत नाही. या एका ड्राइव्हवर लागते आणि त्याचा आकडा आता कायमचा झाला आहे. म्हणजे तुमचा आवाज माझ्या घरात आहे. दुसरीकडे कुठेच नाही. हे मी ठरवलेलं नाही, पण झालंय ते असं आहे.

तेव्हा तुम्हाला इथे यावं लागेल. चौदा एप्रिल होऊ द्या, विहारात काम असतं. त्यानंतरच्या कुठल्याही रविवारी सकाळी या. नातवाला आणा. जाईबाईंना आणा. येताना चौकशीच्या त्या साहेबांच्या नावे एक कागद लिहून आणा. मला जे लिहिलंत तेच, तुमच्याच अक्षरात, खाली सही. यांचं पूर्ण नाव घालून. बोलता येत नाही ही अडचण खरी, पण चौकशीला लिहिलेलंच लागतं, आणि लिहायला तुम्हाला येतं.

कागद माझ्या हातात दिलात की मी फिल्म लावीन. साक्षी इथेच असेल. नातवाला तुमचा आवाज पहिल्यापासून ऐकू दे. दोन्ही हात, दोन्ही बटणं. छान म्हटलंय तुम्ही. तो नक्की म्हणेल, आबा, भारी.

नावं येऊन गेल्यावर मी उठणार नाही आणि मशीन बंद करणार नाही. तेव्हा त्याला बाहेर न्यायचं की शेजारी बसवून ठेवायचं, ते तुम्ही ठरवून या.

चहा मी आधीच करून ठेवीन.

चतुराबाई खंडू ओव्हाळ